बंद सीमेतून जे जात राहिले: गोव्याची नाकेबंदी, १९५५ ते १९६१

सीमा बंद करण्याचा निर्णय राजधानीत होतो आणि त्याची अंमलबजावणी एखाद्या नदीच्या तरीवर होते. सावंतवाडी तालुक्यातील सातार्डा आणि पेडणे महालातील न्हयबाग ही गावे तेरेखोल नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. बोली जवळपास एक, शेतीचे दिवस तेच, देवस्थानांचे मानपान एकमेकांत गुंतलेले, आणि सोयरीक जुळवताना मध्ये नदी आहे याचा विचार कोणी करत नसे. ऑगस्ट १९५५ मध्ये भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याभोवतीची सीमा बंद केली आणि डिसेंबर १९६१ पर्यंत या ना त्या स्वरूपात निर्बंध टिकून राहिले. गोवा मुक्तिसंग्रामावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्यात सत्याग्रह, गोळीबार आणि अखेरची लष्करी कारवाई यांचा भाग मोठा असतो. मधल्या सहा वर्षांच्या कोंडीला दोन-चार वाक्ये मिळतात. मला त्या कोंडीत अधिक रस आहे, कारण नाकेबंदीने माणसांची आणि मालाची ये-जा सरसकट थांबत नाही, ती कोणाची थांबते आणि कोणाची वाढते हे ठरते, असे माझे मत या काळाच्या वाचनातून बनले आहे.

ही सीमा पूर्वीपासून बंद होती असे मुळीच नाही. किंबहुना एकोणिसाव्या शतकात ती जवळजवळ पुसली गेली होती. ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांनी १८७८ मध्ये एक करार केला, तो १८८० मध्ये अमलात आला आणि १८९२ मध्ये संपला. या करारान्वये गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातली जकात उठली, आणि मुरगाव बंदरातून दूधसागरच्या घाटाने कॅसलरॉकपर्यंत जाणाऱ्या रेल्वेचा मार्ग मोकळा झाला. वरवर पाहता व्यापाराला याहून अनुकूल काय असू शकते? परंतु याच करारात गोव्यातील मिठाच्या उत्पादनाचे संपूर्ण नियंत्रण ब्रिटिशांकडे गेले, आणि त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळू लागले. ब्रिटिशांना आपला मिठावरचा कर सांभाळायचा होता, त्यामुळे स्वस्त गोमंतकीय मीठ त्यांना सीमेपलीकडे येऊ द्यायचे नव्हते. पैसे सरकारी तिजोरीत गेले आणि मिठागरांवर जगणारी कुटुंबे उघड्यावर आली. गोव्यातून मुंबईकडे होणारे स्थलांतर या काळात वाढले त्यामागच्या अनेक कारणांत हेही एक होते. सीमा खुली होण्याची किंमतही कोणीतरी मोजत असते, हे पुढचे वाचताना ध्यानात असलेले बरे.

करार संपल्यावर जकात परत आली. कॅसलरॉकला ब्रिटिशांची आणि कुळ्याला पोर्तुगिजांची तपासणी होऊ लागली. गाडी थांबे, सामान उघडले जाई, आणि प्रवासी पुढे जात. तरीही एकंदरीत ये-जा सुरळीत होती. गोव्यात पिकणारा भात सगळ्या वर्षाला पुरत नसे, त्यामुळे तांदूळ बाहेरून येई. भाजीपाला, गुरे, कापड आणि मजूर घाटावरून येत. उलट दिशेने नारळ, सुपारी, काजू, आंबे आणि मासळी जात असे. मात्र गोव्याची सर्वांत मोठी निर्यात माणसांची होती. मुंबईत धोबीतलाव आणि माझगाव परिसरात गोमंतकीय ख्रिस्ती लोकांच्या गावोगावच्या 'कूडी' होत्या, जिथे बोटीवर चढण्यापूर्वी किंवा नोकरी मिळेपर्यंत गावचा माणूस थोड्या पैशांत राहू शकत असे. गिरगावात आणि दादरमध्ये गोव्याकडच्या हिंदू कुटुंबांची तेवढीच जुनी वस्ती होती. तारवटी, आचारी, वादक, कारकून, पेढीवरचे मुनीम असे सगळे मुंबईत कमावत आणि गोव्यातली घरे त्यांच्या पैशांवर चालत.

स्वातंत्र्यानंतर सीमेच्या दोन बाजूंचे कायदे एकमेकांपासून वेगाने दूर गेले. मुंबई राज्याने दारूबंदी लागू केली, भारत सरकारने सोन्याच्या आयातीवर आणि एकूणच परदेशी मालावर कडक निर्बंध घातले; गोव्यात मात्र दारू उघड मिळत होती आणि परदेशी माल कमी जकातीत उतरत होता. ज्या पायवाटांनी पूर्वी काजू आणि तांदूळ जात असे त्याच वाटांनी आता बाटल्या, घड्याळे आणि सोने येऊ लागले. या चोरट्या व्यापाराला पहिली चालना १९५५ च्या नाकेबंदीने दिली असे पुष्कळदा समजले जाते, पण दोन्हीकडच्या किमतींमधली तफावत त्याआधीच तयार झाली होती. नाकेबंदीने त्यात आणखी भर घातली, इतकेच.

राजकीय बाजूही बिघडत गेली. गोव्याबाबत बोलणी करण्यास पोर्तुगालने नकार दिल्याने १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली. त्यानंतर १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही वेगवेगळ्या ठिकाणांहून गोव्यात शिरले, पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. गोळीबार झालेल्या सीमेवरच्या पत्रादेवीचे नाव तेव्हापासून महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. देशभर संताप उसळला आणि भारत सरकारने सीमा बंद केली. यातला एक विरोधाभास फारसा कोणी सांगत नाही: पुढच्या काही आठवड्यांत सरकारने सामुदायिक सत्याग्रहालाही थांबवले, म्हणजे पोर्तुगीज राजवटीची कोंडी करण्यासाठी बंद केलेली सीमा तिच्या विरोधकांनाही बंद झाली.

मुरगाव-कॅसलरॉक रेल्वेची वाहतूक तुटली. मुंबईहून पणजीला जाणारी आगबोट थांबली. मालाच्या ने-आणीवर बंदी आली, पैसे पाठवण्यावर निर्बंध आले, आणि माणसांना ये-जा करण्यासाठी परवान्यांची गरज पडू लागली. परवाना देणे न देणे हे अधिकाऱ्याच्या हाती असल्याने ज्याच्याकडे कागद, ओळख आणि वाट पाहण्याइतका वेळ होता त्याला तो मिळण्याची शक्यता अधिक होती. मुंबईत राहणाऱ्या गोमंतकीयांना आपल्याच घरी जाण्यासाठी अर्ज करावा लागे. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा ही ज्यांची कुलदैवते, अशी हजारो कुटुंबे मुंबईत, कारवारात, बेळगावात आणि कोकणात होती, आणि त्यांच्या वार्षिक फेऱ्या खंडित झाल्या.

माझी आजी पेडणे महालातली आणि तिला दिली होती सातार्ड्याला. तिच्या धाकट्या भावाचे लग्न या काळात झाले आणि तिला जाता आले नाही, कारण आजोबा सरकारी शाळेत शिक्षक होते आणि रात्रीच्या होडीने चोरून जाणे त्यांना परवडणारे नव्हते. गावातल्या इतर बायका मात्र तशा जात असत, असे ती हेव्याने सांगे. "न्हयच्या पल्याड माझा म्हायार, मदी सरकार," एवढेच तिचे त्यावरचे भाष्य असायचे. कोणते सरकार, हे ती कधी सांगत नसे, आणि मला वाटते, नदीकाठच्या बाईला त्या दोघांत निवड करण्याचे फारसे कारणही नव्हते.

आता दुसरी बाजू. गोव्याची लोकसंख्या त्या वेळी सहा लाखांच्या आसपास होती आणि रोजच्या जिनसांसाठी हा प्रदेश भारतावर अवलंबून होता, त्यामुळे कोंडी केली की पोर्तुगीज प्रशासन नमेल असा दिल्लीचा हिशेब होता. हिशेब चुकीचा होता असे आज म्हणणे सोपे आहे. १९५० साली तो बरोबरही ठरला असता. पण मधल्या पाच वर्षांत डिचोली, सत्तरी आणि सांगे भागातल्या डोंगरांतून लोहखनिज निघू लागले होते. युद्धातून सावरणाऱ्या जपानच्या पोलाद उद्योगाला ते हवे होते, आणि खनिजाच्या बदल्यात खाणमालकांना यंत्रसामग्री मिळत होती. हा माल खाणीतून निघे, बार्जमधून मांडवी आणि जुवारीतून मुरगावला जाई आणि तिथून जहाजात चढे. या संपूर्ण प्रवासात भारताची सीमा कुठेच आडवी येत नव्हती. दशकाच्या सुरुवातीला किरकोळ असलेली ही निर्यात अखेरीस काही दशलक्ष टनांच्या घरात गेली, आणि तिच्यातून मिळणाऱ्या परकीय चलनावर गोव्याने जगभरातून आपला बाजार भरला. हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानातला तांदूळ, सिलोनचा चहा, जपानचे सिमेंट. बेळगावची भाजी घाट उतरून यायची ती बंद झाली आणि तिच्या जागी युरोपातून बटाटे बोटीने आले, हे आर्थिकदृष्ट्या विचित्र असले तरी ज्याच्याकडे खनिज आहे त्याला अशक्य नव्हते.

१९५५ मध्येच दाबोळीचा विमानतळ सुरू झाला आणि कराचीशी विमानसंपर्क प्रस्थापित झाला. दमण आणि दीवही त्या सेवेने जोडले गेले. चलनाचीही फारकत झाली: गोव्याचा रुपया आणि भारताचा रुपया यांचे मोल तोवर बरोबरीचे धरले जाई, पण १९५९ पासून गोव्यात एका रुपयाला सहा या दराने एस्कुदो हे चलन आले. पेडण्याच्या बाजारात भारतीय नाणे देऊन मीठ-मिरची घेणाऱ्या माणसासाठी हा बदल कोणत्याही चौकीइतकाच परिणामकारक होता, कारण आता प्रत्येक छोट्या व्यवहारात मोडीचा दर ठरवणारा सराफ शिरला.

खाणींमुळे पणजी आणि मडगावच्या दुकानांत त्या काळातल्या मुंबईतही सहज न मिळणाऱ्या वस्तू दिसू लागल्या. परदेशी घड्याळे, फाउंटन पेन, नायलॉनचे कापड, ट्रान्झिस्टर, मद्य यांची रेलचेल होती. साहजिकच त्यातले बरेच काही सीमेपलीकडे जाऊ लागले. बांदा, आरोंदा, दोडामार्ग, माजाळी या गावांत त्या दिवसांच्या कथा अजून ऐकायला मिळतात, आणि त्या सांगताना लोक अपराधी वाटून घेत नाहीत. माझ्या पाहण्यात असे आले आहे की या कथांत ओझे वाहणाऱ्याची मजुरी नेहमी थोडीच असते आणि ज्याचा माल असे त्याचे नाव कोणी घेत नाही. पकडला जाई तो ओझेवाला. त्याचा माल जप्त होई, त्याला मार बसे, कधी तो तुरुंगात जाई. शेतमजुराचा, होडीवाल्याचा आणि भाजी विकणारीचा व्यवसाय कालपर्यंत सरळ होता, तो नाकेबंदीने गुन्हा ठरला. खाणमालकाच्या व्यवसायाला मात्र या काळात कोणीही गुन्हा म्हटले नाही.

वर्तमानपत्रेही मालातच गणली जातात, हे आपण विसरतो. सीमा बंद झाल्यावर भारतातली बातमी गोव्यात पोचण्याचा मार्ग तुटला आणि पोर्तुगीज सेन्सॉरला आयतेच रान मोकळे मिळाले. यावर उपाय म्हणून नोव्हेंबर १९५५ मध्ये वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून गुप्त रेडिओ केंद्र सुरू केले आणि पुढे ते कॅसलरॉकला हलवून थेट डिसेंबर १९६१ पर्यंत चालवले. कोंकणी आणि पोर्तुगीज भाषांत रोज बातम्या देणाऱ्या या केंद्राच्या कामासाठी लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये, वयाची शंभरी उलटल्यावर, पद्मश्री मिळाली.

या सगळ्या काळात एक खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालू होता, आणि त्यात नेमका हाच प्रश्न होता: एका देशाने आपल्या भूमीतून दुसऱ्याच्या माणसांना आणि मालाला जाऊ द्यावे की नाही? दमणपासून दादरा आणि नगर हवेली काही मैल आत, चहूबाजूंनी भारतीय भूमीने वेढलेली. जुलै १९५४ मध्ये भारताने ही ये-जा बंद केल्याने पोर्तुगाल तिथे फौज पाठवू शकला नाही. डिसेंबर १९५५ मध्ये त्याने भारताविरुद्ध दावा दाखल केला. मराठी वाचकाला यात विशेष गोडी वाटावी, कारण पोर्तुगालचा हक्क सांगितला जात होता तो पेशव्यांशी १७७९ मध्ये झालेल्या पुण्याच्या तहावर आणि १७८३ व १७८५ च्या सनदांवर. वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पेशव्यांनी दिली ती सरंजाम म्हणून, म्हणजे केवळ महसुलाच्या हक्काने, की सार्वभौमत्वासह, याची चिकित्सा हेगमधले न्यायाधीश पावणेदोनशे वर्षांनी करत होते. भारतातर्फे महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी बाजू मांडली, आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला हे भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश होते.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. मराठ्यांनी केवळ महसुलाचा हक्क दिला होता, पण पुढे ब्रिटिशांनी आणि त्यांच्या मागून भारताने पोर्तुगालचे सार्वभौमत्व व्यवहारात मान्य केले, असे न्यायालयाने धरले. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना भारताच्या नियंत्रणाखाली ये-जा करण्याचा हक्क १९५४ मध्ये पोर्तुगालला होता, असे ११ विरुद्ध ४ मतांनी ठरले. लष्कर, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांबाबत असा हक्क नव्हता, हे ८ विरुद्ध ७ अशा निसटत्या बहुमताने ठरले. आणि त्या विशिष्ट परिस्थितीत ये-जा थांबवून भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, असे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले. हा निकाल मला त्यातल्या वर्गवारीसाठी महत्त्वाचा वाटतो. शिपाई वेगळा, कारकून वेगळा, बाजाराला निघालेला माणूस वेगळा आणि तांदळाचे पोते वेगळे, असा भेद हेगच्या न्यायालयाला करता आला. गोव्याच्या सीमेवरची नाकेबंदी आखताना तो कोणी फारसा केला नव्हता.

नाकेबंदी लादण्याचा भारताला नैतिक अधिकार नव्हता असे मला म्हणायचे नाही. वसाहतवादी सत्ता बोलणी नाकारत होती, निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडत होती, आणि युद्ध टाळून दबाव आणण्याचे साधन म्हणून आर्थिक कोंडी हाच मार्ग उरला होता, हे त्या वेळच्या नेतृत्वाचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण साधनाची परीक्षा परिणामावरून करायची झाल्यास ही कोंडी फसली हे मान्य करावे लागते. सहा वर्षांत पोर्तुगालचे सालाझार सरकार तसूभरही हलले नाही, आणि जे घडले ते डिसेंबर १९६१ मध्ये लष्कराने दोन दिवसांत घडवले. शिवाय गोव्यातल्या सामान्य माणसाच्या मनात भारताबद्दल जी आपुलकी होती तिला या कोंडीने मदत केली की तडा दिला, हा प्रश्न उरतोच. मुक्तीनंतरच्या पहिल्या वर्षांत गोव्याच्या वेगळेपणाची भाषा एवढ्या जोराने का बोलली गेली याची कारणे शोधणाऱ्यांनी या सहा वर्षांकडे पुरेसे पाहिलेले नाही, असे मला वाटते. बाजार, चलन, शिक्षण आणि वर्तमानपत्र या चारही गोष्टी वेगळ्या झाल्या, आणि तेवढ्या काळात एक अख्खी पिढी शाळेतून बाहेर पडली.

१९ डिसेंबर १९६१ नंतर रेल्वे पुन्हा जोडली गेली आणि नदीवरच्या होड्या दिवसा चालू लागल्या. दारूचा प्रश्न मात्र आजही कायम आहे; दोन राज्यांच्या अबकारी करांत फरक असल्याने बांद्याजवळ इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गोव्याहून येणाऱ्या गाड्या अजून थांबवल्या जातात. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर बाकी मालाचे नाके उठले आणि ट्रकवाल्यांचा वेळ वाचला हे खरे, पण राज्यांना अडवायचेच असेल तर करांखेरीज इतर मार्ग सापडतात. २०१८ मध्ये मासळी टिकवण्यासाठी फॉर्मेलिन हे रसायन वापरल्याच्या वादानंतर गोवा सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीवर निर्बंध घातले आणि नोंदणी व इन्सुलेटेड वाहन यांची अट घातली. खाणाऱ्याच्या आरोग्याच्या दृष्टीने अट योग्यच होती. पण मोठ्या व्यापाऱ्याला असे वाहन घेता येते. मालवण-वेंगुर्ल्याच्या ज्या माणसाकडे एक जुना टेम्पो आणि बर्फाच्या चार पेट्या एवढेच भांडवल होते तो बाहेर फेकला गेला. त्याच वर्षी गोव्यातील बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात परराज्यातील रुग्णांना शुल्क सुरू झाले, आणि ज्या सिंधुदुर्गातून गंभीर रुग्णाला घेऊन पहिल्यांदा बांबोळीकडेच गाडी वळते तिथे मोठी खळबळ उडाली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांतून गोव्यात रोज कामाला जाणारी तरुण मुले सीमेवर अडकली. त्यांतल्या अनेकांचा कारखाना घरापासून मोटारसायकलवर अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर, पण दुसऱ्या राज्यात. औषधांच्या कारखान्यांचा माल अत्यावश्यक ठरल्याने त्याचे ट्रक जात राहिले. तो माल बनवणाऱ्या मुलांना मात्र पास काढावा लागला, पुढे चाचणीचा अहवाल दाखवावा लागला, आणि ज्यांना ते रोज जमेना त्यांनी कारखान्याजवळ खोली भाड्याने घेतली किंवा नोकरी सोडली. आमच्या गावातल्या एका मुलाने दोन्ही केले, आधी खोली आणि मग राजीनामा. आता तो म्हापशाला पुन्हा कामाला लागला आहे, या वेळी पगारातून दरमहा काही रक्कम बाजूला काढून ठेवतो आणि ती कशासाठी असे विचारल्यावर "नाको बंद झालो तर" एवढेच सांगतो.